शिळेचे म्हणणे

समोर बसलेल्या मनुष्याच्या बोलण्याचा आपण भलताच अर्थ केला, तर तो तत्काळ आपणांस अडवतो आणि म्हणतो, "माझ्या म्हणण्याचा आशय असा नव्हे." ही सोय मृतांस नाही. त्यांनी लिहून ठेवलेल्या शब्दांतून आपण वाटेल तो अर्थ काढला, त्यांच्या तोंडी आपली मते घातली, त्यांस आपल्या पक्षाचे साक्षीदार म्हणून उभे केले, तरी ते उठून बोलत नाहीत. अशा वेळी वाचणाऱ्याचे कर्तव्य काय? हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या सभेतला वाटतो. परंतु ज्या घरात वाडवडिलांचे एखादे पत्र, एखादे मृत्युपत्र किंवा कसर लागलेला एखादा कागद आहे, त्या प्रत्येक घरातला तो प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका शिळेच्या निमित्ताने करण्याचे योजिले आहे.

निमित्त घडले ते असे. आमची पुतणी इतिहास हा विषय घेऊन बी. ए.चा अभ्यास करीत आहे. गेल्या नाताळच्या सुटीत ती रत्नागिरीस आमच्याकडे आली असता, एके सायंकाळी तिने एका पुस्तकातले छायाचित्र आमच्यापुढे धरले. गोव्यात झुआरी नदीच्या काठी आगशी म्हणून गाव आहे. तेथे २००१ साली फादर कोस्मे कोस्ता यांस एक दगडी क्रूस सापडला. त्यावर पहलवी लिपीतली, म्हणजे इस्लामपूर्व इराणात रूढ असलेल्या लिपीतली अक्षरे आहेत. शिवाय काही मजकूर पोर्तुगीज भाषेतही आहे. पहलवी अक्षरांचे असेच क्रूस मद्रासजवळच्या सेंट थॉमस टेकडीवर, आणि केरळात कोट्टयम, कडमट्टम, मुट्टुचिरा इत्यादी ठिकाणी त्यापूर्वीच माहीत झालेले होते. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लेखांत यांच्या जोडीचे जुने लेख फार थोडे. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात केव्हातरी ते प्रथम कोरले गेले असावेत, असा विद्वानांचा सर्वसाधारण अजमास आहे.

"काका," ती म्हणाली, "ओळ एकच आहे, शब्द जेमतेम डझनभर. आणि विद्वानांनी तिचे सात-आठ अर्थ केले आहेत. मग परीक्षेत यातला कोणता लिहायचा?"

आम्ही हसलो. परंतु तिचा पुढचा प्रश्न हसण्याजोगा नव्हता.

"आणि एका ओळीचे इतके अर्थ होत असतील, तर खरा अर्थ म्हणून काही असतो, हे तरी कशावरून?"

त्या वेळी अध्यापकी थाटाचे काहीतरी उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर तिला पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही पटले नाही. म्हणून त्या वादाची हकीकत पुन्हा आरंभापासून पाहू.

सेंट थॉमस टेकडीवरचा क्रूस १५४७ साली पोर्तुगिजांस सापडला. टेकडीवर एक लहान प्रार्थनामंदिर बांधण्याकरिता ते पाया खणीत होते. येशूचा शिष्य थॉमस हा याच प्रदेशात धर्मोपदेश करीत असता मारला गेला, अशी परंपरा तेथे नांदत होती, आणि तिचा काहीतरी दृश्य पुरावा मिळावा अशी त्या लोकांची उत्कट इच्छा होती. शिळा तर मिळाली. पण तिच्यावरची अक्षरे कोणास वाचता येईनात. तेव्हा त्या प्रांतातल्या एका विद्वान ब्राह्मणास पाचारण करण्यात आले. त्याने शिळा पाहिली आणि सांगितले की, यातले एकेक चिन्ह म्हणजे एकेक अक्षर नव्हे. एकेका चिन्हात दहा-दहा, वीस-वीस शब्द भरलेले आहेत. मग त्याने जो अर्थ सांगितला, त्यात थॉमसाच्या आगमनापासून त्याच्या मृत्यूपर्यंतची सारी हकीकत आली होती.

या प्रसंगाकडे पाहून त्या ब्राह्मणास लबाड म्हणणे सोपे आहे. परंतु त्याने कोणास फसविले? ज्यांनी त्यास बोलाविले होते त्यांस जे ऐकावयाचे होते, तेच त्याने ऐकविले. देणारा आणि घेणारा दोघेही संतुष्ट झाले. या व्यवहारात ज्याचे नुकसान झाले तो एकच होता, तो म्हणजे कधीकाळी ती अक्षरे ज्याने कोरविली तो मनुष्य. आणि त्यास कोणी विचारले नव्हते. हे समाधान थोडेथोडके नव्हे, तीन शतके टिकले.

पुढे १८७३ मध्ये मद्रास इलाख्यातील एक न्यायाधीश, संस्कृतचे जाणते ए. सी. बर्नेल यांनी ही अक्षरे पहलवी असल्याचे दाखवून एक लहानसा निबंध मंगळुरास छापला. येथून खऱ्या वाचनास आरंभ झाला आणि खऱ्या वादासही. बर्नेल यांच्या वाचनात क्रुसावरचे दुःखभोग आले, खरा ख्रिस्त आला, वरचा देव आला आणि सदा पवित्र असा मार्गदर्शक आला. म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांचा सिद्धांत त्या एका ओळीत आला. दुसऱ्याच वर्षी मार्टिन हौग यांनी आपला अर्थ प्रसिद्ध केला. हे हौग १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्यास संस्कृतचे अध्यापक होते आणि ऐतरेय ब्राह्मणाची त्यांची आवृत्ती मुंबईस निघाली होती, हे जुन्या पिढीतल्या वाचकांस स्मरत असेल. त्यांच्या मते ती ओळ म्हणजे श्रद्धेचा एक नियमच होता: मसीहा, देव आणि पवित्र आत्मा यांवर जो विश्वास ठेवील तो क्रूस वाहणाऱ्याच्या कृपेने तरेल, अशा आशयाचा. त्याच सुमारास ई. डब्ल्यू. वेस्ट यांनीही ती ओळ हाती घेतली, आणि वीस-बावीस वर्षांनी ते पुन्हा तिच्याकडे वळले. वेस्ट हे पेशाने इंजिनियर, मुंबईच्या जी. आय. पी. रेल्वेत त्यांनी नोकरी केली होती. त्यांस त्या ओळीत एक प्रश्न व त्याचे उत्तर दिसले: मसीहाला दुःखातून कशाने सोडविले, असा प्रश्न, आणि त्याचे स्वतःचे क्रुसावरचे क्लेश, हे उत्तर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईचे प्रख्यात पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी यांनी आणखी निराळे वाचन केले. त्यांच्या वाचनात निनेव्ह्याहून या देशी आलेला एक सुंदर पक्षी आहे, आणि शापूर नावाचा मनुष्य 'मसीहाने मला काट्यांतून सोडविले' असे सांगत आहे. काव्य म्हणून पाहिले तर या सर्वांत हे वाचन सरस होय.

इतक्या विद्वानांत इतका मतभेद कसा झाला, हे समजण्यास पहलवी लिपीचा थोडा परिचय हवा. आपल्याकडे मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडण्याची चाल नाही, आणि घाईत लिहिलेली काही अक्षरे एकमेकांसारखीच दिसतात. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा मराठी घरातल्या पोरासही ठाऊक असते. तिचा ऐतिहासिक खरेपणा कसाही असो, एका अक्षराच्या वाचनावर मनुष्याचा जीव अवलंबून असू शकतो, एवढे तीवरून आपण शिकलो आहो. पहलवी ही मोडीहूनही अवघड. तिच्या उत्तरकालीन वळणात 'व', 'न' आणि 'र' यांस एकच खूण पुरते. 'ग', 'द', 'य' यांचीही तीच गत. शिवाय काही शब्द लिहावयाचे आरामाइक भाषेत आणि वाचावयाचे फारसीत, असा तिचा विलक्षण शिरस्ता आहे. लिहिलेले असते 'मलका', आणि वाचणारा उच्चारतो 'शाह'.

आता एक उदाहरण घेऊ. त्या ओळीच्या मध्यभागी काही अक्षरे आहेत. ती 'अज खार बुख्त' अशी तोडली म्हणजे 'काट्यांतून, दुःखातून सोडविले' असा अर्थ होतो. वेस्ट यांनी ती अशीच तोडली, आणि मोदींच्या वाचनातला काटाही तोच. १८७३ नंतर सुमारे अर्धशतक विद्वान त्या काट्याभोवती फिरत राहिले. मग १९२९ साली विंकवर्थ नावाच्या पंडिताने तीच अक्षरे एकत्र जोडून वाचली, आणि काटा नाहीसा झाला. राहिले ते 'चहारबुख्त' हे एका मनुष्याचे नाव. 'चौघांनी तारलेला' असा त्या नावाचा अर्थ. त्याच्या आधीच्या शब्दांत वेस्ट यांस 'उद्धरणारा' असे मसीहाचे विशेषण दिसले होते. विंकवर्थ यांनी त्याचे दोन शब्द केले, तेव्हा पहिल्याचा अर्थ 'वर' झाला आणि दुसरा 'अफ्रास' हे आणखी एक विशेषनाम ठरले. साऱ्या ओळीचा अर्थ मग इतकाच उरला: प्रभू ख्रिस्ता, ज्याने हे कोरविले त्या चहारबुख्ताच्या मुलावर, अफ्रासवर, दया कर.

सिद्धांत गेला, श्रद्धेचा नियम गेला, प्रश्नोत्तर गेले, निनेव्ह्याचा पक्षी उडून गेला, आणि थॉमसाची हकीकत तर कधीच गेली होती. मागे राहिला एक मनुष्य, त्याच्या बापाचे नाव, आणि एक मागणे.

त्यानंतरही वाद संपला नाही; परंतु त्याचे स्वरूप पालटले, आणि आमच्या पुतणीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. १९७० साली जर्मन विद्वान गेर्ड ग्रोप यांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांच्या मते मुलाचे नाव गब्रिएल. २००२ मध्ये इटालियन पंडित कार्लो चेरेती व त्यांचे सहकारी यांनी आगशीच्या क्रुसासह सर्व क्रूस एकत्र विचारात घेतले. त्यांस ते नाव सब्रीशो असे दिसले. चहारबुख्तापुढचा शब्द विंकवर्थ यांच्या मते 'सिरियाचा रहिवासी' या अर्थाचा, तर पुढील दोघांच्या मते ते आजोबाचे नाव. तेही एकाचे एक, दुसऱ्याचे दुसरे. शेवटच्या क्रियापदाने 'कोरविला' म्हणावयाचे की 'घडविला' की 'आणिला', याविषयीही एकवाक्यता नाही. पण पाहा: दयेची याचना तिघांनाही मान्य, चहारबुख्त तिघांनाही मान्य, आणि क्रुसाशी ज्याचा संबंध आला त्या एका मनुष्याकरिता ही प्रार्थना आहे, हेही तिघांना मान्य. आरंभी वाद होता तो हा लेख आहे तरी कशाविषयी, याचा. आता आहे तो एका नावातल्या दोन-तीन अक्षरांचा. पुष्कळ अर्थ झाले, म्हणून खरा अर्थच नाही, असे म्हणणारा मनुष्य हा फरक पाहत नाही. धुक्यात उभ्या असलेल्या आकृतीस एकाने झाड म्हटले, दुसऱ्याने खांब म्हटले, तिसऱ्याने मनुष्य म्हटले, आणि जवळ गेल्यावर सर्वांनी मनुष्य म्हणून त्याचे नाव काय याविषयी वाद मांडला, तर तेथे मनुष्य नव्हताच असे अनुमान कोण काढील?

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, "तुम्हांस साधा अर्थ आवडला, म्हणून तुम्ही तो खरा मानता. भव्य अर्थाचा मोह जसा एक, तसाच साध्या अर्थाचा मोह दुसरा." हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. लहान असणे हे खरेपणाचे लक्षण नव्हे. एखाद्या शिळेवर खरोखरच महान सिद्धांत कोरलेला असू शकेल, आणि तेथे तो नाकारणे हाही अन्यायच होईल. विंकवर्थ यांच्या वाचनाकडे विद्वान वळले ते ते साधे होते म्हणून नव्हे. त्यात वाक्य व्याकरणाने नीट जुळते, पदरचे शब्द घालावे लागत नाहीत, आणि 'हे ज्याने केले त्यावर देवा दया कर' ही मागणी पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या लेखांत व पोथ्यांच्या अखेरीस नेहमी आढळणारी आहे. याच्या उलट, आधीच्या प्रत्येक वाचनात कोठे ना कोठे वाक्य ओढून ताणून बसवावे लागत होते. वेस्ट यांच्यासारखा प्रामाणिक मनुष्य वीस वर्षांनी पुन्हा त्याच ओळीकडे वळतो, तो ती ताण त्याची त्यालाच जाणवते म्हणून, असे आम्ही समजतो.

हेच वेस्ट मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतले पहलवी लेख वाचताना असे अडखळले नाहीत. इ. स. १००९ आणि १०२१ या साली काही पारशी मंडळी ती लेणी पाहावयास गेली होती, आणि त्यांनी तेथल्या भिंतीवर आपली व आपल्या वडिलांची नावे, दिवस, महिना व वर्ष यांसह, लिहून ठेविली. तेथे तारखेचा आधार होता, हे एक कारण खरेच. पण दुसरेही एक कारण आमच्या मनात येते. लेणी पाहावयास आलेल्या प्रवाशांकडून कोणालाही काही सिद्ध करून घ्यावयाचे नव्हते. क्रुसाकडून मात्र प्रत्येकाची काहीतरी अपेक्षा होती.

आणखी एक अडचण आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही. ही ओळ एका मनुष्याची खासगी प्रार्थना असेल, तर ती मद्रासपासून केरळापर्यंत आणि आता गोव्यापर्यंत इतक्या क्रुसांवर कशी आली? इतक्या ठिकाणी इतके क्रूस एकाच मनुष्याने उभारले असतील, हे संभवनीय दिसत नाही. आमच्या बुद्धीस जे उत्तर सुचते ते असे: एक क्रूस पूज्य ठरला, आणि दुसऱ्या गावच्या लोकांनी त्याच्या प्रतिकृती करविल्या. ज्यांनी त्या केल्या त्यांस ती अक्षरे वाचता येत असती, तर त्यांनी परक्याचे नाव आपल्या मंदिरात कशाला कोरले असते? त्यांस ती वाचता येत नसावीत. त्यांनी दिसले तसे वळण उतरविले. गोव्याच्या क्रुसाविषयी तर आणखी एक प्रश्न उभा राहतो: त्यावरची पहलवी व पोर्तुगीज अक्षरे एकाच काळची की निरनिराळ्या काळची?

आमचे हे अनुमान खरे असेल, तर त्या अनाम पाथरवटांविषयी आम्हांस मोठा आदर वाटतो. आपल्याकडेही हे घडले आहे. वेदमंत्रांस अर्थच नाही, असे कौत्साचे मत यास्काचार्यांस निरुक्तात खोडून काढावे लागले, इतका मंत्रांचा अर्थ त्या प्राचीन काळीही दुर्बोध झाला होता. आणि तरीही घनपाठी ब्राह्मणांनी एक स्वर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. ज्यांस समजत नव्हते त्यांनी जसेच्या तसे राखिले, आणि ज्यांस समजते असे वाटत होते त्यांनी आपल्या इच्छेप्रमाणे बदलले. समजण्याची शक्ती आणि राखण्याची निष्ठा या दोन्ही एकाच ठिकाणी असाव्यात, हेच उत्तम. परंतु दोहोंपैकी एकच मिळणार असेल, तर पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने दुसरीच अधिक उपकारक होय. पाथरवटाने 'सुधारलेले' अक्षर मग कोणत्याही पंडितास परत मिळविता आले नसते.

येथवर आम्ही परक्यांच्या चुका सांगितल्या. आता घरची एक सांगणे प्राप्त आहे. कारण तिच्यावाचून ही सारी चर्चा आम्ही कोणत्या तोंडाने करीत आहो, हे वाचकांस कळणार नाही.

आमच्या घरी देवघरातल्या पेटीत एक मोडी कागद होता. आमच्या खापरपणजोबांस सरकारातून जमीन इनाम मिळाली त्याचा तो कागद, असे घरात सर्वजण मानीत. आम्ही विशीत असताना मोडी वाचावयास शिकलो, तेव्हा आमच्या आजोबांच्या बहिणीने, म्हणजे आमच्या आत्याआजीने, तो कागद मोठ्या हौसेने आमच्यापुढे ठेविला आणि म्हणाली, "वाच रे बाबा, तुझ्या खापरपणज्याची कीर्ती." आम्ही वाचू लागलो. जमिनीचे नाव लागले, खापरपणजोबांचे नाव लागले, काही रुपयांचे आकडे लागले. नेमका मधला भाग कसरीने खाल्ला होता. तेथे काय असावे, याविषयी आमच्या मनात क्षणभरही शंका आली नाही. आम्ही तेथे 'इनाम' हा शब्द वाचला. आज आठवून सांगतो की, त्या भोकात अक्षर म्हणून नव्हते. त्या वृद्ध बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्हांस आपण फार चांगले काम केले असे वाटले. पुढे ती वारली.

पंधराएक वर्षांनी माळ्यावर कागदांचा एक रुमाल सापडला. त्यात त्याच जमिनीचे गहाणखत निघाले. ते वाचून आम्ही देवघरातला कागद पुन्हा हाती घेतला, आणि त्यातले आकडे हप्त्यांचे आहेत हे आमच्या ध्यानी आले. तो कागद म्हणजे सावकाराने लिहून दिलेली फारखत होती. कर्ज फिटले, आता जमिनीवर आपला दावा राहिला नाही, एवढेच तीत म्हटले होते.

प्रथम आम्हांस वाईट वाटले ते इनाम गेल्याचे. दुसऱ्या दिवशी निराळ्याच गोष्टीचे वाईट वाटू लागले. कोकणातल्या वरकस जमिनीवर, वर्षानुवर्षे हप्ते भरून, एका मनुष्याने आपल्या मुलाबाळांकरिता जमीन सोडविली होती. त्याच्या आयुष्यातले मोठे काम काय ते तेच असेल. त्याची पावती त्याने जपून ठेविली, आणि आम्ही, त्याच्याच वंशजांनी, ती त्याच्या हातातून काढून घेऊन तेथे एक मानाचे पण खोटे पद ठेविले. आत्याआजीस खरी गोष्ट कळली असती, तर तिने देवघरातला कागद माळ्यावर टाकला असता काय? आम्हांस तसे वाटत नाही. कदाचित तिने त्यास अधिकच जपले असते. परंतु ते विचारण्याची वेळ निघून गेली होती.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली आहे. कोणाविषयी वाईट वाचणे हा अन्याय आहे, हे सर्वजण जाणतात. कोणाविषयी खोटे चांगले वाचणे हाही अन्यायच आहे, हे मात्र फारसे कोणी मनावर घेत नाही. क्रुसाचे जुने वाचक दुष्ट नव्हते. त्यांनी त्या मनुष्याच्या तोंडी घातले ते उदात्तच होते. पण तो उदात्त बोलण्यासाठी आला नव्हता. त्याला दया हवी होती.

आमच्या कोकणापुरता विचार केला तरी हा मोह आज संपलेला नाही. सहाव्या शतकातला कॉस्मास नावाचा ग्रीक लेखक सांगतो की, 'कल्लियाना' नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. हे नाव ऐकताच ठाण्याशेजारचे आपले कल्याण आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, ते जुने बंदर आहे, तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही. पण काही विद्वान ते ठिकाण दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर शोधतात. आमचे मन आपल्या कल्याणकडे ओढ घेते, हे आम्ही कबूल करतो. आणि म्हणूनच या बाबतीत आमच्या मतास रुपयात आठ आण्यांहून अधिक किंमत देऊ नये, असेही सांगतो. जुन्या दगडांच्या आधारे 'आम्ही आधीचे, तुम्ही नंतरचे' असे दावे ज्या काळात मांडले जातात, त्या काळात वाचणाऱ्याने आपली ओढ आधी जाहीर करणे हे सभ्यपणाचे किमान लक्षण मानले पाहिजे.

याच जिल्ह्याशी ज्यांचा निकट संबंध होता, त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी हा धडा पूर्वीच घालून दिला आहे. मालवणास १८३७ साली जन्मलेले, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले व पुढे तिचेच मुख्याध्यापक झालेले हे गृहस्थ. १८८८ साली चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक पद्धतीविषयी त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात पुराव्याची शहानिशा केल्यावाचून काही न स्वीकारण्याची वृत्ती त्यांनी आपल्या लोकांपुढे ठेविली. पुष्कळांस ती पद्धत कोरडी वाटते. आम्हांसही विद्यार्थिदशेत ती तशीच वाटे. आता वाटते की, जे बोलू शकत नाहीत त्यांच्याविषयीची माणुसकी याच कोरड्या रूपात व्यक्त होणे शक्य आहे. अक्षर न् अक्षर तपासणे, जेथे दगड झिजला आहे तेथे झिजला आहे असे लिहिणे, आणि आपला अर्थ ज्या ठिकाणी ताणला जातो ते ठिकाण स्वतःच बोटाने दाखविणे, यात भावनेचा अभाव नसून संयम आहे.

सुटी संपवून परत जाताना आमच्या पुतणीने तोच प्रश्न पुन्हा काढला. या खेपेस आम्ही तिला सांगितले, "सगळे अर्थ लिही, सालासकट. कोणी कोणती अक्षरे कशी तोडली ते लिही. मग आज बहुतेकांस मान्य असलेला अर्थ लिही, आणि त्यातले कोणते शब्द पक्के व कोणते कच्चे तेही सांग."

तिने वहीत टिपून घेतले, आणि विचारले, "आणि त्याचे नाव? अफ्रास, गब्रिएल की सब्रीशो?"

"बापाचे नाव लिही," आम्ही म्हणालो. "मुलाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेव."

तिला ते थोडे क्रूर वाटले. इतकी शतके ज्याने दया मागितली, त्याचे स्वतःचे नाव तेवढे अनिश्चित राहावे, हे आम्हांसही सुखाचे वाटत नाही. परंतु त्याची प्रार्थना ज्याला उद्देशून होती, त्याला नावाची अडचण पडली असेल असे वाटत नाही; आणि आमच्यापुरते म्हणावयाचे, तर त्यास चुकीच्या नावाने हाक मारण्यापेक्षा प्रश्नचिन्ह बरे.